मुलांच्या चिंतेवरची थेरपी कशाने लागू पडते, कशाने अडते

माझी धाकटी मुलगी चिंतेसाठी दोनदा थेरपीला गेली. पहिल्यांदा, ती नऊ वर्षांची असताना, आम्ही तिला आठ महिने दर आठवड्याला नेमानं नेलं. थेरपिस्ट प्रेमळ होत्या. मुलगी त्यांच्याकडे आनंदानं जायची, चित्रं काढायची, मनातलं बोलायची, श्वासाचे व्यायामही शिकली. आठ महिन्यांनंतरही ती शाळेच्या फाटकाशी पोट धरून उभी राहत होती, आणि रात्री आमच्यापैकी कुणीतरी शेजारी झोपल्याशिवाय तिला झोप लागत नव्हती. पुढच्या वर्षी दुसऱ्या थेरपिस्टकडे गेलो आणि पाचव्या आठवड्यात फरक दिसू लागला.

मुलगी तीच, आईबाप तेच. मग बदललं काय, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. तेव्हापासून या विषयावरचं संशोधन मिळेल तसं वाचत आलो. मी डॉक्टर नाही, बाप आहे. पण जे हाती लागलं ते त्या पहिल्या आठ महिन्यांत कुणी सांगितलं असतं तर मुलीचं एक वर्ष वाचलं असतं, म्हणून इथे क्रमानं मांडतो.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. मूल जगायचं नाही असं बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा खाणंपिणंच सोडलं असेल, तर खाली सांगितलेल्या पायऱ्या वगैरे बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

थेरपीकडून किती अपेक्षा ठेवायची

लहान मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या चिंतेवर सर्वांत जास्त तपासलेली पद्धत म्हणजे सीबीटी, अर्थात कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी. २०२० साली वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं ८७ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत जवळपास ६,००० मुलं होती. सीबीटी संपली तेव्हा सुमारे ४९ टक्के मुलांचा मुख्य चिंताविकार उरला नव्हता. नुसतं प्रतीक्षायादीवर असलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे १८ टक्के होतं.

म्हणजे थेरपीचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण निम्म्या मुलांना पहिल्या फेरीत ती पुरी पडत नाही, हेही तितकंच खरं. आपलं मूल त्या निम्म्यांत असलं, तर ते हट्टी किंवा ‘न सुधारणारं’ ठरत नाही. बहुतेक वेळा कुठेतरी काहीतरी जुळलेलं नसतं, आणि ते शोधता येतं.

पहिली पायरी: भीती नक्की कशाची, ते शोधा

‘शाळेत जात नाही’ हे निदान नव्हे. चार मुलं शाळेत जात नसतील. एकीला वाटतं, आपण घरी नसताना आईला काहीतरी होईल. दुसऱ्याला वर्गात उभं राहून वाचायची धास्ती आहे. तिसरीला परीक्षा, आजार, पैसा, उशीर, सगळ्याचीच काळजी आहे. चौथ्याला अक्षरंच नीट वाचता येत नाहीत आणि ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही. चौघांच्या पोटात सकाळी सारखाच गोळा येतो, पण उपाय चार वेगळे. चौथ्याला तर आधी वाचनाची मदत हवी.

म्हणून पहिल्या भेटीआधी दोन आठवडे एका वहीत चार रकाने आखा. काय घडलं होतं, मुलाला काय वाटलं, त्यानं काय केलं आणि आपण काय केलं. चौथा रकाना प्रामाणिकपणे भरा. पुढे त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.

थेरपिस्टनी सोबतच्या अडचणीही विचारायला हव्यात. चिंतेबरोबर उदासी असेल तर सुधारणा मंदावते. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असेल तर सेशन छोटी आणि हलती ठेवावी लागतात. ऑटिझम असलेल्या मुलांनाही सीबीटीचा फायदा होतो, पण चित्रं, तक्ते, ठरलेला क्रम आणि पालकांचा जास्त सहभाग असे बदल करून. झोप पुरेशी होत नसेल तर तेही सांगा, कारण थकलेल्या मुलाकडून धाडसाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

सामाजिक चिंतेबद्दल वेगळं सांगायला हवं. चारचौघांत बोलायची, हसं होण्याची भीती असलेली मुलं सर्वसाधारण सीबीटीनं इतरांपेक्षा कमी बरी होतात, असं एकापेक्षा जास्त मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. बंद खोलीत एका ओळखीच्या, समजूतदार मोठ्या माणसाशी बोलून ही भीती जात नाही, यात मला तरी नवल वाटत नाही. अशा मुलांना बरोबरीच्या मुलांमध्ये सराव लागतो, शक्य असेल तर गट लागतो, आणि जास्त वेळ लागतो. सुरुवातीलाच हे माहीत असलं की दहाव्या सेशनला हातपाय गळत नाहीत.

दुसरी पायरी: थेरपिस्टना चार प्रश्न विचारा

‘आम्ही सीबीटी करतो’ एवढं उत्तर पुरेसं नसतं. आमच्या पहिल्या थेरपिस्टनीही तेच सांगितलं होतं. त्या नावाखाली बरंच काही चालतं, आणि मूल भीतीला प्रत्यक्ष सामोरं जातं तो भागच अनेकदा गळून पडतो. या भागाला एक्स्पोजर म्हणतात. अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर असं दिसलं की सेशनमध्ये एक्स्पोजरला जितका जास्त वाव, तितका परिणाम चांगला. उलट ज्या उपचारांत शरीर सैल सोडण्याचे व्यायाम घातलेले होते, त्यांचा परिणाम तुलनेनं कमी होता. आमचे आठ महिने कुठे गेले, ते मला हे वाचताना कळलं.

मी आता कुणालाही हे प्रश्न विचारायला सांगतो: माझं मूल कितव्या सेशनपासून भीतीला प्रत्यक्ष सामोरं जायला लागेल? ते तुम्ही समोर करून घेता, की फक्त घरी करायला सांगता? आमचं काम काय असेल? आणि तीन महिन्यांनी फरक पडला की नाही, हे कशावरून ठरवायचं?

उत्तरं सरळ आली की निम्मं काम झालं. उपचार साधारण १२ ते १६ सेशनचा असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फिलिप केंडाल यांनी १९९४ साली ९ ते १३ वयाच्या ४७ मुलांवर केलेला अभ्यास या क्षेत्रातला पायाचा मानला जातो. त्यांच्या १६ सेशनच्या आराखड्यात पहिला अर्धा भाग शिकण्याचा आणि दुसरा अर्धा प्रत्यक्ष करून पाहण्याचा होता. दहाव्या सेशनपर्यंत नुसतंच बोलणं चाललं असेल, तर संकोच न करता विचारा.

पालक म्हणून आपल्याला असे प्रश्न उद्धटपणाचे वाटतात. मलाही वाटले होते. चांगल्या थेरपिस्टना मात्र ते आवडतात.

तिसरी पायरी: भीतीची शिडी

इथे थोडं थांबू, कारण सगळा उपचार या पायरीवर तोललेला आहे.

कल्पना जुनी आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावानं ओळखल्या जाणाऱ्या, जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली. तो आवडीचं काहीतरी खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत लांब ठेवायचा, मग रोज थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर ससा कुरवाळू लागला. जबरदस्ती नव्हती, आणि टाळाटाळही नव्हती. शंभर वर्षांनंतरही उपचाराचा गाभा तोच आहे.

शिडी मुलाबरोबर बसून बनवा. आठ-दहा प्रसंग लिहा आणि प्रत्येकाला मुलालाच ० ते १० मध्ये गुण द्यायला लावा. सुरुवात ३ किंवा ४ पासून करा. १ पासून केली तर मूल काही शिकत नाही, ८ पासून केली तर पळ काढतं. आमची झोपेची शिडी अशी होती: बाबा खोलीत, पण पलंगावर नाही. मग खुर्ची दाराजवळ. मग दाराबाहेर, पण दिसतील असे. मग दिसणार नाहीत, पण दर पाच मिनिटांनी डोकावतील. मग दहा मिनिटांनी. मग एकदाच. मग दार लोटलेलं. मग दिवा बंद. वरच्या पायरीला तिनं १० दिले होते आणि ‘हे कधीच होणार नाही’ असं शेजारी लिहिलं होतं.

प्रत्येक प्रयत्नाआधी एक प्रश्न विचारायचा: ‘तुला काय होईल असं वाटतं?’ उत्तर लिहून ठेवायचं. नंतर दुसरा प्रश्न: ‘मग काय झालं?’ या दोन ओळींमधलं अंतर मूल स्वतः वाचतं, तेव्हा आपल्या शंभर समजुतींनी होत नाही ते होतं. मिशेल क्रॅस्के यांच्यासारखे संशोधक सांगतात की जुनी भीती मेंदूतून पुसली जात नाही. तिच्याशेजारी नवा अनुभव तयार होतो आणि तो पुरेसा पक्का झाला की जुन्यावर मात करतो. म्हणूनच तो वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांसोबत यायला हवा. फक्त एका दुकानात, एकाच ओळखीच्या माणसाकडे काही मागायचा सराव केला तर धाडस त्या दुकानापुरतंच राहतं.

भीती शून्यावर येईपर्यंत थांबायची गरज नसते. धडधडत्या छातीनं केलेलं कामही मोजायचं. किंबहुना तेच जास्त मोजायचं.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मूल बाहेरून सामोरं जाताना दिसतं, पण आतून एखाद्या आधाराला घट्ट धरून असतं. हातातला मोबाइल, खिशातली पाण्याची बाटली, नजरेच्या टप्प्यात उभी असलेली आई, मनातल्या मनात केलेली मोजणी. मग त्याला वाटतं, ‘बाटली होती म्हणून निभावलं.’ श्वासाचे व्यायामसुद्धा असे आधार होऊ शकतात. सुरुवातीच्या पायऱ्यांवर आधार चालतील, पण ते काढून टाकणं ही पुढची पायरी म्हणून शिडीवर लिहा.

सराव रोज दहा मिनिटं झाला तर उत्तम. थेरपिस्टकडचा एक तास वजा केला की आठवड्याचे १६७ तास उरतात, आणि भीती राहते ती त्यांत. बक्षीस छोटं ठेवा आणि प्रयत्नाला द्या. ‘घाबरली नाहीस म्हणून’ दिलं तर मूल भीती लपवायला शिकतं.

आणि हे कृपया लक्षात घ्या: पाण्यात ढकललं की पोहायला येतं, असं सांगणारे नातेवाईक प्रत्येकाला भेटतात. फसवून किंवा अचानक भीतीसमोर उभं केलेलं मूल आपल्यावरचा विश्वास गमावतं आणि पुढची शिडी चढायलाच तयार होत नाही. कोणती पायरी, कधी, किती वेळ, हे त्याला आधी माहीत असायलाच हवं.

चौथी पायरी: घरातलं सांभाळून घेणं कमी करा

आता वहीतला चौथा रकाना. आम्ही भरला तेव्हा मला रडू आलं होतं. मुलीच्या वतीनं शिक्षकांशी बोलणं, पाहुणे येणार असतील तर तिला खोलीत बसू देणं, ‘आई परत येईल ना?’ या प्रश्नाला एका संध्याकाळी वीस वेळा ‘हो’ म्हणणं, शेजारी झोपणं. सगळं प्रेमापोटी. आणि प्रत्येक वेळी तिला न बोलता हेच सांगितलं जात होतं की हे तुला झेपणार नाही.

आपण सांभाळून घेतो तेव्हा मूल त्या क्षणी शांत होतं, म्हणून आपण पुन्हा सांभाळून घेतो. त्या शांततेची किंमत पुढच्या वेळी चुकवावी लागते. येल विद्यापीठातले एली लेबोविट्झ यांनी याच गोष्टीवर उपचार उभा केला. त्यांनी १२४ मुलांचा अभ्यास केला. एका गटातल्या मुलांना नेहमीची सीबीटी दिली. दुसऱ्या गटात थेरपिस्ट फक्त पालकांना भेटले, मुलांना थेरपी दिलीच नाही. पालकांनी सांभाळून घेणं पद्धतशीर कमी केलं. बारा आठवड्यांनी पालकांचा गट सीबीटीच्या गटापेक्षा कमी ठरला नाही. ‘मूल थेरपीला यायलाच तयार नाही’ म्हणून हताश झालेल्या घरांसाठी यापेक्षा दिलासा देणारी बातमी मला माहीत नाही.

ते करायचं असं. यादीतली एकच गोष्ट निवडा, जी रोज घडते आणि जी बदलणं पूर्णपणे आपल्या हातात आहे. शांत वेळी मुलाला आधी सांगा: ‘तुला खूप भीती वाटते हे मला दिसतं. आणि तू ती सहन करू शकशील अशी माझी खात्री आहे. म्हणून सोमवारपासून त्या प्रश्नाचं उत्तर मी एकदाच देईन.’ वाक्यातले दोन्ही भाग हवेत. नुसता पहिला भाग म्हणजे कुरवाळणं, नुसता दुसरा म्हणजे झिडकारणं. पहिले काही दिवस रडणं, चिडणं वाढेल. ते वाढलं म्हणजे चुकतंय असं नाही, पण त्या दिवसांत घरातली सगळी मोठी माणसं एका मतावर हवीत. आई नाही म्हणते आणि आजोबा हळूच हो म्हणतात, अशा घरात मूल कुणाकडे जाईल हे उघड आहे.

‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ ही म्हण तेवढी मुलासमोर उच्चारू नका. माझ्या तोंडून एकदा गेली होती. मुलीला ती अजून आठवते.

पालकांच्या स्वतःच्या चिंतेबद्दल बोलायला कुणाला आवडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या १९९८ च्या एका अभ्यासात ज्या मुलांचे पालक फारसे चिंताग्रस्त नव्हते, त्यांच्यापैकी ८० टक्क्यांच्या आसपास मुलं सीबीटीनं बरी झाली. ज्यांच्या आईला किंवा वडिलांना स्वतःलाच बरीच चिंता होती, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. अशा पालकांनाही स्वतःची चिंता हाताळायला शिकवलं, तेव्हा ते ७७ टक्क्यांवर गेलं. अभ्यास लहान होता, आणि नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत इतका मोठा फरक दिसलेला नाही. तरी मी हे आकडे वाचले आणि स्वतःसाठी वेळ घेतली. दोष कुणाचा, हा विचार सोडून दिला तर तो एक साधा, हाताशी असलेला उपाय आहे.

पाचवी पायरी: थेरपिस्टशी नातं जुळतंय का, ते पाहा

नात्याचा परिणामावर प्रभाव पडतो, पण आपण समजतो तितका मोठा नाही. आमच्या पहिल्या अनुभवात नातं उत्तम होतं. हे दोन्ही लागतं: विश्वास आणि काम.

केंडाल यांच्याच गटानं एकदा बारकाईनं पाहिलं की सुरुवातीच्या सेशनमध्ये थेरपिस्ट काय करतात तेव्हा मूल जवळ येतं. ‘आपण दोघं मिळून हे सोडवू’ अशी भागीदारीची भूमिका उपयोगी ठरली. भीतीबद्दल बोल, बोल म्हणून मागे लागणं घातक ठरलं. आणि ‘अरे, मलाही तेच आवडतं!’ असं ओढूनताणून सारखेपण दाखवणंही मुलांना रुचलं नव्हतं. मुलं खोटं पटकन ओळखतात. एक्स्पोजर सुरू केलं की नातं तुटेल, ही अनेक थेरपिस्टना वाटणारी भीतीही त्यांच्या पाहणीत खरी ठरली नाही.

तीन-चार भेटींनंतरही मूल आत जाताना दगडासारखं होत असेल, तर थेरपिस्टशी मोकळेपणानं बोला. बदलावं लागलं तर बदला.

किशोरवयीन असतील तर

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ‘नेता’ येत नाही. त्याला स्वतःचं उद्दिष्ट लागतं. आईला वाटतं त्यानं शाळेत नियमित जावं. त्याला कदाचित मित्रांबरोबर सहलीला जायचं असतं. सहलीपासून सुरुवात करा, शाळा मागून येते.

गुप्ततेचे नियम पहिल्याच भेटीत तिघांसमोर ठरवा. जिवाला धोका असेल तरच पालकांना सांगितलं जाईल, बाकी सेशनमधलं सेशनमध्ये. आणि मग गाडीत बसल्या बसल्या ‘आज काय बोललात?’ असं विचारू नका. फार कठीण जातं, मला ठाऊक आहे. पालकांनी पूर्ण बाहेर राहावं असाही याचा अर्थ नाही. सांभाळून घेणं या वयातही चालू असतं, फक्त त्याचं रूप बदलतं: गैरहजेरीची चिठ्ठी लिहून देणं, त्याचे फोन आपण करणं.

सहावी पायरी: मोजा

‘बरं वाटतंय का?’ या प्रश्नाला काही अर्थ नसतो, कारण उत्तर त्या दिवसावर अवलंबून असतं. मुलांची चिंता मोजणारी स्केअर्ड नावाची ४१ प्रश्नांची प्रश्नावली आहे, तिची मुलांसाठी आणि पालकांसाठी अशी दोन रूपं आहेत. थेरपिस्टना सांगून ती, किंवा तिच्यासारखी दुसरी, सुरुवातीला आणि मग दर महिन्याला भरा. मुलाचं आणि आपलं उत्तर जुळणार नाही. तो गोंधळ समजू नका, ती माहिती आहे: मूल आतलं सांगतं, आपण बाहेरचं पाहतो. त्याच्या जोडीला दोन-तीन साध्या नोंदी ठेवा, शाळेचे पूर्ण दिवस किती झाले, रात्री किती वेळा हाक मारली.

सहा ते आठ सेशननंतर आकडे हलले नसतील तर थेरपिस्टबरोबर बसून मागे वळून पाहा. निदान बरोबर आहे? एक्स्पोजर खरंच होतंय? घरी सराव होतोय? शाळेत कुणी चिडवतंय का? चिडवणं खरं असेल तर आधी ते थांबवायला हवं. खऱ्या धोक्याची सवय मुलाला लावायची नसते.

औषधाचा प्रश्न

२००८ साली ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवरचा मोठा अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनी लक्षणीय सुधारलेल्यांचं प्रमाण असं होतं: सीबीटी आणि सर्ट्रालीन (चिंता आणि उदासीवरचं एक औषध) दोन्ही घेणाऱ्यांत ८०.७ टक्के, फक्त सीबीटी ५९.७, फक्त सर्ट्रालीन ५४.९, आणि औषधासारखी दिसणारी बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत २३.७.

चिंता तीव्र असेल, मूल शिडीच्या पहिल्या पायरीवरही पाय ठेवू शकत नसेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांशी औषधाबद्दल बोलणं हा पराभव नव्हे. सर्ट्रालीनच्या गटातल्या औषधांनी काही तरुण रुग्णांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००४ पासून दिलेला आहे. म्हणून सुरुवातीचे आठवडे आणि डोस बदलताना बारीक लक्ष हवं, आणि औषध मनानं बंद करायचं नाही.

थेरपी संपल्यावर

त्याच ४८८ मुलांपैकी ३१९ जणांचा पुढे काही वर्षं दरवर्षी पाठपुरावा झाला. त्यांपैकी २२ टक्के सातत्यानं बरे राहिले, ३० टक्के कायम त्रासात होते, आणि ४८ टक्के अधूनमधून पुन्हा चिंतेत सापडले. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी लॅपटॉप मिटून उठलो. नंतर लक्षात आलं की यांतून एक काम निघतं: चिंता परत येऊ शकते असं धरून चालायचं आणि ती लहान असतानाच पकडायची.

शेवटच्या दोन-तीन सेशन लांबलांब अंतरानं घ्या. मूल स्वतः नवी शिडी बनवू शकतं का, हे थेरपिस्टना तपासायला सांगा. धोक्याच्या वेळा आधीच लिहून ठेवा: नवी शाळा, मोठी सुट्टी संपताना, लांबलेलं आजारपण, घरातला मृत्यू. अशा वेळी जुनी टाळाटाळ डोकं वर काढते. आठवडाभरात ती ओसरली नाही तर एक-दोन उजळणीच्या सेशनसाठी लगेच वेळ घ्या, सहा महिने वाट पाहू नका.

आमच्या घरात ती झोपेच्या शिडीची वही अजून कपाटात आहे. मुलगी आता तेरा वर्षांची आहे. मागच्या महिन्यात शाळा बदलली, तेव्हा तिनं तीच वही काढली, मागच्या कोऱ्या पानावर नवी शिडी आखली आणि पहिल्या पायरीला ४ गुण दिले.